पावणेचार इंच

नाशिक रोडच्या सुखसागर सोसायटीत दोन देवस्थानं होती. एक गेटाजवळचा गणपती. दुसरं पार्किंगच्या सात नंबरच्या जागेत, विटांच्या चार चौथऱ्यांवर बसवलेलं. पहिल्यापुढे लोक हात जोडत, दुसऱ्यापुढे कपाळाला लावत.

हे दुसरं दैवत लाल रंगाचं, दोन सिटांचं आणि उघड्या डोक्याचं होतं. स्पिटफायर नावाची विलायती स्पोर्ट्‌स कार, वय पन्नासच्या पुढे. नावाचा अर्थ आग ओकणारी. इंजिन अजून खणखणीत होतं, फक्त चाकं नव्हती. दर रविवारी सकाळी दिवाकर गायधनी डोक्याला टोपी, डोळ्यांना काळा चष्मा लावून आत बसत, इंजिन चालू करत, पंधरा मिनिटं जागच्या जागी घुर्रर्र करून सगळ्या पार्किंगला धुरी देत आणि समाधानाने खाली उतरत. वॉचमन सलाम ठोकून विचारायचा, "कुठपर्यंत जाऊन आलात साहेब?"

दिवाकररावांचं घराणं पंचवटीतलं, पौरोहित्याचं. थोरल्या भावाने रामकुंडावरचे यजमान सांभाळले, धाकट्याने सरकारी प्रेसमधली नोकरी. चौतीस वर्षं त्यांनी तिथे भोकं तपासली. टपाल तिकीट सरळ फाटावं म्हणून त्याच्या कडेने बारीक भोकांची रांग असते, ती रांग. केसभर सरकलेली रांगसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. देशाने पत्रं लिहिणं सोडलं, पण गायधनींनी भोकं तपासणं सोडलं नाही. निरोपाच्या समारंभात एका वक्त्याने त्यांना "छिद्रान्वेषी" म्हटलं. हे कौतुक समजून त्यांनी वाकून नमस्कारही केला.

आणि ही गाडी? तो प्रेमविवाह होता. बाविशीत देवळाली कॅम्पात सायकलवरून जाताना एका पारशी बंगल्यातून ही बया भरधाव निघाली आणि डबक्यातला सगळा चिखल तिने ह्यांच्या नव्या शर्टावर उडवला. दुसऱ्याने शिव्या घातल्या असत्या. हे चिखल पुसायचं विसरून, ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. चाळीस वर्षांनी तोच बंगला रिकामा होत असल्याचं कळलं आणि रिटायर झालेला हा नवरदेव मुंडावळ्या बांधल्यासारखा धावत गेला. घरी बायकोला, सुमेधाताईंना, नवं स्वयंपाकघर हवं होतं. त्यांना छप्पर नसलेलं, दोघांपुरतं काहीतरी मिळालं.

गाडी टेम्पोत घालून सोसायटीत आणली, तेव्हा चाकं बघायला धम्मपाल गांगुर्डेला बोलावलं होतं. जेल रोडवर धम्मपालचं टायरचं दुकान. सोळाव्या वर्षी घरातून निघून मालेगावच्या रस्त्यावर एका मल्याळी अण्णाकडे पंक्चर काढायला राहिलेला हा माणूस. अण्णाकडून तो दोन गोष्टी शिकला. टायर बसवणं, आणि बसत नसेल तर "नाही" म्हणणं. पहिलीवर पोट भरलं, दुसरीने निम्मं गिऱ्हाईक घालवलं.

धम्मपालने पुढच्या चाकाच्या रिमवर हातोडी टेकवली. हातोडी आत गेली.

"साहेब, हे रिम नाय, पापड आहे."

"थोडं वेल्डिंग करून—"

"पापडाला वेल्डिंग करत नाय कोणी."

चारी चाकं निघाली, गाडी विटांवर बसली. मग धम्मपालने समोरासमोरच्या दोन बोल्टांवर पट्टी ठेवली, ह्याच्या मध्यापासून त्याच्या मध्यापर्यंत.

"लिहून घ्या. चार बोल्टांचा गोल पावणेचार इंच. हा गोल जुळला नाय तर चाक बसतच नाय, बाकी काही असो. रिम तेरा इंची. टायर एकशे पंचेचाळीस, ऐंशी, तेरा."

"हे एकशे पंचेचाळीस म्हणजे?"

"टायरची रुंदी, मिलिमीटरात. ऐंशी म्हणजे रुंदीच्या शेकडा ऐंशी त्याची उंची. तेरा म्हणजे पोटातलं रिम."

दिवाकररावांना रुंदी कमी वाटली. स्पोर्ट्‌स कार म्हटली की चाक कसं पैलवानाच्या मांडीसारखं हवं. त्यांनी चाचरत विचारलं, "हा टायर आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या गाडीला असतो?"

धम्मपालने समोर बोट दाखवलं. समोर तळमजल्यावरच्या देशमुखांची पांढरी चिमुकली गाडी उभी होती. देशमुख तिच्यातून दळणाचा डबा उतरवत होते.

"त्या गाडीला."

चाळीस वर्षांच्या प्रेमाला आणि दळणाच्या डब्याला एकच टायर!

"जरा रुंद नाही का घालता येणार?"

"येईल की. मग फक्त वळू नका. सरळ मुंबईला जा अन् तिकडंच राहा. वळलात की टायर मडगार्डला घासणार. नाय बसायचं, साहेब."

सहा महिने दिवाकरराव पावणेचारचं रिम शोधत फिरले. खरं म्हणजे ते सहा महिने ह्या "नाही"वर रुसून बसले होते. मग एके दिवशी नोटीस आली.

सोसायटीच्या सेक्रेटरी मोहिनीताई कापडणीस. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या अक्षरातला काना इतका ताठ की वाचणारा आपोआप सरळ उभा राही. नोटिशीत लिहिलं होतं: विटांवर ठेवलेली वस्तू वाहन नसून भंगार समजण्यात येईल. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता सदर वस्तूने स्वतःच्या चाकांवर गेटाबाहेर जाऊन परत यावे. न आल्यास सोमवारी भंगारवाल्यास पाचारण करण्यात येईल.

"मोहिनीताई, ती क्लासिक आहे हो!"

"गायधनी, वर्गात नापास झालेला मुलगासुद्धा स्वतःच्या पायांनी घरी जातो. तिला जाऊ दे, मग आपण तिचं कौतुक करू."

हाताशी दोन महिने होते. दिवाकररावांनी पुण्याला मुलाला फोन लावला. गौरांग तिथे संगणकात काहीतरी करत असे. काय करतो हे त्याने तीनदा समजावलं होतं, आणि घरात तिन्ही वेळा मान डोलावली गेली होती. इंटरनेटवर काहीही मिळवून देणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ.

"बोल्टांचा गोल पावणेचार इंच, रिम तेरा. लिहिलंस?"

"लिहिलं. टायर?"

"एकशे पंचे..." इथे दिवाकररावांचा आवाज जरा अडखळला.

"एकशे किती? पंचे की पंच्या? बाबा, मला ते सगळे पंच्या सारखेच वाटतात."

समोर पार्किंगमध्ये देशमुख पुन्हा दळण उतरवत होते. दिवाकररावांनी डोळे मिटले.

"पंच्याऐंशी," ते स्पष्ट आवाजात म्हणाले. "एकशे पंच्याऐंशी."

"ह्या रुंदीत ऐंशीचा नाही मिळत, साठचा आहे. चालेल?"

"न चालायला काय झालं!"

पंधरवड्याने माल आला. रिमवर टायर चढवून, हवा भरूनच आला. चकाकणारी चार अलॉय चाकं, आणि त्यांवर पैलवानी टायर. दिवाकररावांनी ती दोन दिवस पार्किंगमध्ये मांडून ठेवली. लोक येऊन बघून गेले. सत्यनारायणाचा प्रसाद तेवढा वाटायचा राहिला. तिसऱ्या दिवशी धम्मपाल आला. त्याने एक चाक उचलून गाडीला लावलं. एक बोल्ट भोकात गेला. उरलेले तीन बाहेरच राहिले, लग्नाला बोलावून मांडवाच्या दारात अडवलेल्या पाहुण्यांसारखे.

त्याने पट्टी काढली. "साडेचार. साहेब, हा साडेचारचा गोल आहे."

सुमेधाताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, चौतीस वर्षं भोकंच तपासत होतात ना? चारच होती की ही. तेवढी तरी नजरेखालून घालायचीत!"

गौरांगला फोन लागला, स्पीकरवर.

"तुला मी पावणेचार सांगितलं होतं!"

"हो ना. पावणेचार म्हणजे चारच्या पुढे थोडं. साइटवर चारच्या पुढे साडेचारच होतं, तेच घेतलं."

दिवाकररावांनी कपाळावर हात मारला. हाच तो मुलगा, ज्याला त्यांनी स्वतः हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं होतं. पावकी-निमकी शिकवायला निघालेल्या आजोबांना त्यांनीच थांबवलं होतं, "हे आता कुठे लागतं?" म्हणून. लागलं, चाळीस वर्षांच्या प्रेमाला लागलं.

धम्मपाल टायरच्या कडेवरचे आकडे वाचत होता. "अन् हे एकशे पंच्याऐंशी कुणी सांगितलं?"

"बाबा म्हणाले," फोनमधून आवाज आला.

हीच वेळ होती खरं बोलायची. आणि दिवाकररावांनी, रंगमंचावर आपलं वाक्य विसरलेला नट जसं दुसऱ्याचं वाक्य म्हणून टाकतो, तसं म्हणून टाकलं, "मी पंचेचाळीस म्हणालो असेन. तुला मराठी आकडे कळतात कुठे!"

"असेल," गौरांग म्हणाला. मग हळूच, "सॉरी बाबा."

ते सॉरी दिवाकररावांनी घेतलं खरं, पण ते घशाखाली उतरेना. धम्मपालने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पट्टी खिशात घातली.

टायर चढवलेला माल परत घेत नाही, असं साइटवाल्यांनी कळवलं. नोव्हेंबर संपत आला. विटांवरची वस्तू आणि भंगारवाला ह्यांच्यामध्ये आता एकच आठवडा उरला होता. दिवाकरराव दुकानात जाऊन मुकाट्याने स्टुलावर बसले. कुणी काही बोलायच्या आतच धम्मपाल म्हणाला, "हेराल्ड."

"काय?"

"हेराल्ड मोटार. मद्रासला बनायची, जुन्या काळात डॉक्टर लोकांकडे असायची. तुमची बया अन् ती, एकाच आईच्या लेकी. बोल्टांचा गोल तोच, रिम तेच. अण्णाकडे होतो तेव्हा एका हेराल्डच्या चाकांचे पंक्चर मी काढायचो. नामपूरला, कुसाबाईच्या मळ्यात. गाडी कधीच मोडली, पण चाकं फिरतायत. शनिवारी निघू. ती अलॉयही घ्या बरोबर."

शनिवारी सकाळी धम्मपालच्या पिकअपमध्ये मागे चार अलॉय चाकं, चार जाड लोखंडी चकत्या, आणि पुढे दोन म्हातारे. चकत्या धम्मपालने अंबडच्या एका लेथवाल्याकडून करून घेतल्या होत्या. आतल्या बाजूने पावणेचारची भोकं, बाहेरच्या बाजूने साडेचारचे बोल्ट. दिवाकररावांनी त्या हातात घेऊन पाहिल्या आणि उसळले.

"अरे, मग हीच चकती माझ्या गाडीला लावायची! इतका सोपा उपाय होता आणि तू—"

"चकतीने चाक इंचभर बाहेर येतं. आधीच तुमचा टायर रुंद. वळायच्या आधीच मडगार्ड खाईल. अन् वेगात चकती ढिली झाली तर चाक पुढे, तुम्ही मागे. कांद्याला चालतं ते, कांदा बैलाच्या पायाने जातो." मग रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "साहेब, पंचेचाळीस अन् पंच्याऐंशी ह्यात चाळीसचा फरक असतो. पोराला आकडे कळत नसतील. तुम्हाला कळतात."

दिवाकरराव खिडकीबाहेर बघू लागले. देवळा गेलं, सटाणा गेलं, तरी त्यांना बाहेर फार महत्त्वाचं काहीतरी दिसत होतं.

कुसाबाईंच्या मळ्यात हेराल्डची काया आणि आत्मा वेगळे झाले होते. कायेत कोंबड्या राहत. आत्मा, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, फळ्या ठोकून कांदा वाहायची गाडी झाला होता. कुसाबाई सत्तरीच्या, काटक. नऊवारीचा ओचा खोचून त्या समोर आल्या.

"कोठून उनात, भाऊ?"

"नाशिकहून. बाई, ह्या गाडीची चाकं हवी होती," धम्मपाल म्हणाला.

"मन्ही गाडी चालू शे. मी चाकं काबर देऊ?"

दिवाकररावांनी त्यांना समजावायला घेतलं. तंत्रज्ञान सामान्य माणसाला सोपं करून सांगायचा त्यांचा आवाज वेगळाच होता. "असं बघा कुसाबाई, ह्या चाकाच्या बोल्टांचा जो गोल आहे ना, तो पावणेचार. पावणेचार म्हणजे—"

"चारले पाव कमी," बाई म्हणाल्या. "इतलं बी माहीत नही का कोनले?"

धम्मपालला एकाएकी खोकला आला.

त्याने हातोडी काढून हेराल्डच्या रिमवर मारली. टण्ण! देवळातली घंटा वाजावी तसा आवाज आला. दर पोळ्याला बैलांच्या शिंगांबरोबर कुसाबाई ह्या चाकांनाही रंग देत आल्या होत्या. रंगांचे इतके थर चढले होते की गंजाला आत शिरायला वाव मिळाला नव्हता. सर्वांत वरचा थर यंदाचा, भडक गुलाबी.

कुसाबाईंनी पिकअपमधली चकाकणारी चाकं पाहिली. टायरच्या रुंदीवर वीत ठेवली. "हाई चाक चिखलमा रुतनार नही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग अट घातली. "आधी मन्हा कांदा हालू द्या, मंग चाकं ल्या."

धम्मपालने चकत्या लावल्या, त्यांवर अलॉय चढवले. गाडीत पाच गोणी कांदा भरला. बैल रानात गेले होते. तेव्हा प्रेसच्या माजी तपासनिसांनी कोट काढून ठेवला आणि जू खांद्याला लावलं. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला धोतर असतं तर सुटलं असतं. तिसऱ्याला गाडी हलली आणि भुसभुशीत मातीतून लोण्यासारखी चालू लागली. ज्या चाकांनी नाशिकच्या रस्त्यावर लोकांना वळून बघायला लावायचं, ती आता नामपूरच्या कांद्याला मिरवत होती, आणि बघायला कोंबड्या होत्या.

"भारी दिखस," कुसाबाईंनी शेरा दिला आणि चहा टाकायला गेल्या.

घाम पुसत दिवाकरराव बांधावर बसले. खांदा सोलवटला होता. शेजारी धम्मपाल हेराल्डची चाकं मोजून बघत होता, दर चाकाचा गोल वेगळा मोजत होता, जसं काही एखादं रात्रीतून साडेचार होणार होतं. त्याच्याकडे न बघता दिवाकरराव म्हणाले, "पंच्याऐंशी मीच म्हणालो होतो."

"मला काय सांगता?" धम्मपाल म्हणाला. "मी कुठे सॉरी म्हणालो तुम्हाला?"

दिवाकररावांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. बाबा रागावणार असं वाटून गौरांगने उचलला नाही, पण रविवारी पहाटेच तो नाशिकच्या बसमध्ये बसला. वडिलांची गाडी उद्या भंगारात जाणार, आणि ती आपल्यामुळे, असं मानून तो निदान शेजारी उभा राहायला निघाला होता.

रविवारी अकराला सुखसागर सोसायटी फुल हाउस होती. खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, वर सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. मोहिनीताई पहिल्या रांगेत, मांडीवर इतिवृत्ताची वही. विटा निघाल्या होत्या. लाल गाडी जमिनीवर उभी होती, गुलाबी चाकांवर, एकशे पंचेचाळीसच्या साध्या टायरांवर. रंग बदलायला वेळच मिळाला नव्हता. एवढ्यात एका गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "गायधनी, बैल कुठाय?" हशा झाला.

दिवाकरराव चष्मा लावून पुढे आले. मग त्यांनी चष्मा काढला. गर्दीच्या कडेला गौरांग उभा होता, पाठीवर सॅक, चेहरा परीक्षेला बसलेल्यासारखा.

"हशा नंतर," ते मोठ्याने म्हणाले. "आधी एक दुरुस्ती आहे. ती रुंद चाकं मुलाने चुकीची मागवली असं मी सगळ्यांना सांगत होतो. पावणेचार त्याला कळलं नाही, ते खरं. पण ते शिकू दिलं नाही मीच. आणि पंच्याऐंशी हा आकडा माझा होता. गांगुर्डेने पंचेचाळीस सांगितलेलं मला नीट ऐकू आलं होतं. मला देशमुखांचा टायर नको होता."

देशमुखांनी चमकून आपल्या गाडीकडे पाहिलं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं की त्यांच्याकडे काहीतरी नाकारण्याजोगं आहे.

गौरांग जवळ आला तेव्हा दिवाकररावांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. चाळीस वर्षं वाट बघितलेली ही पहिली फेरी. ते स्वतः वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले.

"बाबा, तुम्ही चालवा ना."

"मी आठ महिने जागच्या जागी चालवली आहे. तू ने."

सुखसागरचं गेट आणि रस्ता ह्यांच्यामध्ये एक असं वळण होतं की पाण्याचा टँकरसुद्धा तिथे देवाचं नाव घेई. गौरांगने स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. धम्मपाल पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. टायर आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये दोन बोटं जागा राहिली. गाडी वळली, धूर सोडून नाहीशी झाली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोहिनीताईंनी घड्याळ बघितलं. "परत यायचं असं स्पष्ट लिहिलंय नोटिशीत." वीस मिनिटं झाली. कुणीतरी भंगारवाल्याचा नंबर शोधू लागलं. सुमेधाताई खाली येऊन गेटाशी उभ्या राहिल्या. इतके दिवस थट्टा करत आलेल्या बाईच्या तोंडावरचा रंग उडालेला धम्मपालने पाहिला.

पंचविसाव्या मिनिटाला आवाज आला. गाडी आत शिरली, वळण घेऊन सात नंबरवर थांबली. दिवाकररावांचे उरलेले सगळे केस उभे होते. बापलेक दोघं कशावर तरी इतके हसत होते की दोघांनाही उतरता येईना.

मोहिनीताईंनी वही उघडली. ताठ अक्षरात लिहिलं: सदर वाहन गेले व आले. मग पेन थांबवून पुढे लिहिलं: पुढील सभेचा विषय, वाहनाचा आवाज. टाळ्या वाजल्या. पेढे कुणी आणलेच नव्हते. तेव्हा देशमुखांनी घरून गूळ-शेंगदाणे आणून वाटले.

सुमेधाताई गाडीशी गेल्या. डाव्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा."

"का?"

"दोनच सीटा आहेत म्हणून. गौरांग, मला गंगापूर धरणापर्यंत घेऊन चल. जोरात नको, आणि अगदी हळूही नको." त्यांनी पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारली, जन्मभर बिनछपराच्या गाडीतच फिरत आल्यासारखी.

दिवाकरराव उतरले. गाडी पुन्हा निघाली. ते आणि धम्मपाल गेटाशी उभे राहिले, मान तिरकी करून, कान पुढच्या डाव्या चाकाकडे लावून.

"घासलं का रे?"

"नाय."

"नक्की?"

"आता मी कधी नाय नाय तर हो म्हणतोय, ते तरी ऐका," धम्मपाल म्हणाला. "बसलं, साहेब."